आधी स्वतः पडून बघणारा

माझ्या मेव्हण्याला सगळे टोळ म्हणत. भिंत दिसली की चढला, चढला की मारलीच उडी! पुढे तो गाद्यांच्या कारखान्यात लागला. तिथली रीत अशी, की ज्यानं गादी शिवली त्यानंच आधी तिच्यावर पडून बघायचं. एकदा सिनेमावाल्यांनी उड्या झेलायला जाड गाद्या मागवल्या. हा पोचवायला गेला आणि रीतीप्रमाणे यानं सरळ पहिल्या मजल्यावरून स्वतःला झोकून दिलं. सिनेमावाल्यांनी याला उड्या मारायला तिथंच ठेवून घेतलं. स्वारी परत कारखान्यात आलीच नाही.

उड्या मारणारा हा गडी पुढे दिग्दर्शक झाला. अकरा देशांत त्याचे मारधाडीचे सिनेमे लागतात, काय सांगू! सेटवर याची भाषा निम्म्यांना कळत नाही, पण यानं हात वर केला की दोनशे माणसं श्वास रोखतात. रीत मात्र तीच. कलाकाराआधी गादीवर हा.

गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको त्याचं शूटिंग बघायला गेलो. टोळ आता चौसष्ट वर्षांचा, खुब्यात धातूची पट्टी. पुन्हा पडलास तर कायमचा खाटेवर, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उडी होती तिसऱ्या मजल्यावरून आणि हा निघाला वर.

"टोळ्या, खाली उतर!" आमची ही ओरडली.

"ताई, चारचौघांत तरी साहेब म्हण!"

"साहेब, उतरा, नाहीतर वर येऊन कान उपटीन!"

सगळे हसले. टोळ अगदी कडेला उभा. मी डोळे गच्च मिटले. उघडले तर हा कठडा धरून एकेक पायरी उतरत होता.

उडी मारणारी मुलगी पुढे आली. "सर, मला जमेल."

"जमेल गं. पण त्या गादीवर मी पडलेलो नाही. उडी रद्द."

निर्मात्यानं कपाळावर हात मारला. टोळ खुर्चीत बसून दम खात होता. एकदम म्हणाला, "मी उतरलो ना, तशीच उतर. तुझा पाय दुखावलाय, मागे मारेकरी आहेत."

सिनेमा लागला. तीन मजले, एकेक पायरी, मागून बुटांचा आवाज. अख्खं थिएटर पुढे झुकलेलं. मी तर तिथं हजर होतो, तरी पायऱ्या मोजत बसलो. मुलगी शेवटच्या पायरीवर आली, तेव्हा हिनं घामेजल्या हातानं माझं मनगट सोडलं.

"उतरला एकदाचा माझा टोळ," ही पुटपुटली.