गायकवाड सिस्टरांचा गुरुवार

गायकवाड सिस्टर घरात आल्या की पेशंटकडे आधी बघतच नसत. त्याचं करणाऱ्या बाईला समोर बसवत, तिची नाडी धरत आणि विचारत, "काल किती तास झोपलीस?" आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आई गोंधळली. म्हणाली, "आजारी हे आहेत, सिस्टर." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते कळलं गं. पण तू पडलीस तर यांना कोण उचलणार?"

आईला असं कुणी विचारलंच नव्हतं. ती पदराने डोळे पुसत राहिली.

नव्वद सालच्या आगेमागे आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो. माझे वडील, आप्पा, तिथल्याच एका कंपनीत फिटर. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि ते अंथरुणाला खिळले. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बटणं लावायला जायचे, म्हणून दिवसभर आई एकटी. पडून पडून आप्पांच्या पाठीला जखम झाली होती. दर आठवड्याला शेजारचे चौघे त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत नेत, पुढे रिक्षा. मलमपट्टी एका ठिकाणी, गोळ्या दुसरीकडे, पेन्शनसाठी आजारी असल्याचा दाखला तिसऱ्याच ऑफिसात. एकीकडचा कागद दुसरीकडे चालत नसे. घरी परत येईपर्यंत पट्टी रक्ताने भिजलेली असायची.

सिस्टर आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात होत्या. ड्यूटी संपल्यावर वाट वाकडी करून आमच्याकडे येत. कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, हे त्यांनी आईला हात धरून शिकवलं. आणि दर वेळी पुटपुटत, "माणूस एक, आजार एक. मग कागद तीन कशाला?"

एका आठवड्यात आप्पांनी खुर्चीत बसायला नकार दिला. अडखळत म्हणाले, "मला आता नेऊ नका. काय व्हायचं ते इथंच होऊ दे." आईने सिस्टरांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. अंथरुणावरच्या पेशंटकडे आठवड्यातून एकदा नर्सने घरी जावं आणि सगळीकडे एकच कागद चालावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

साहेब म्हणाले, "सिस्टर, नियमात बसत नाही."

"नियमात बसत नाही, कबूल," सिस्टर म्हणाल्या. "पण साहेब, माझा पेशंट खुर्चीतसुद्धा बसत नाही. एकदा येऊन बघा."

साहेब खरंच आले. सिस्टरांनी आप्पांना शेवटचं एकदा तयार केलं होतं. चौघांनी खुर्ची उचलली, साहेब मागून चालू लागले. तिन्ही ठिकाणी आमच्याबरोबर रांगेत थांबले. परतताना त्यांनी आप्पांची भिजलेली पट्टी पाहिली आणि सिस्टरांकडून त्यांचं मागणं लिहून घेतलं.

वरच्या ऑफिसात दोघांच्या बऱ्याच खेपा झाल्या, पण हुकूम निघाला. कच्चा मसुदा सिस्टरांच्या हाती आला, त्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. "नाव नको, पद घाला. उद्या मी रिटायर झाले की काम थांबायला नको."

आमचा वार गुरुवार ठरला. पहिल्या गुरुवारी सिस्टर पिशवी घेऊन आल्या. पट्टी, गोळ्या, दाखल्याची नोंद, सगळं आमच्या खाटेपाशी, एका कागदावर झालं. पुढच्या गुरुवारी मी रजा घेतली आणि आई बदलापूरला हेंद्रेपाड्यात मावशीकडे जाऊन आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी आली ती हसतच. म्हणाली, "दुपारी झोपले गं. कुणी उठवलंच नाही." आप्पांची जखम हळूहळू भरली.

दोन वर्षांनी सिस्टर रिटायर झाल्या. त्यानंतरच्या गुरुवारी आई दहापासून, सिस्टरांच्या वेळेपासून, दाराकडे बघत बसली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मग दार वाजलं. बाहेर एक तरुण नर्स उभी होती, हातात आप्पांचा कागद. "उशीर झाला, काकू. घर सापडत नव्हतं."

पुढे एकदा सिस्टर मला कॅम्प तीनच्या बाजारात भेटल्या. त्यांनी विचारलं, "नवीन बाई कशी आहे?"

"तुमच्याइतकी बोलत नाही," मी म्हटलं, "पण गुरुवार चुकवत नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि समोर आलेल्या शेअर रिक्षात बसून निघून गेल्या.