लवकर फेडल्याचा दंड

"मामा, मुदतीच्या आधी भरताय ना? मग दंड लागंल."

असं म्हणून तो हसला. शेजारच्या टेबलावरचा पण हसला.

माझे वडील फायनान्स कंपनीच्या काउंटरसमोर उभे होते. आण्णा म्हणतो आम्ही त्यांना. डोक्यावरचे केस काढलेले, वर टोपी. आईचं तेरावं नुकतंच झालं होतं. टॉवेलात बांधून आणलेले दोन लाख रुपये त्यांनी दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवले होते. देवापुढं ठेवावेत तसे. समोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणालं नाही कुणी. आण्णा पण बसले नाहीत. मुकादमाच्या दारात उभं राहायची सवय.

"लवकर फेडायलोत तर दंड कावून, साहेब?" आण्णांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुमचं कोयतेवाल्यांचं सगळं उलटंच हाय बघा," तो म्हणाला. "मुकादमाची उचल घेता आन् पळून जाता. हितं पळत येता. दोन्ही बी चुकीचंच."

पुन्हा हसले.

मी आण्णांच्या मागं उभी होते. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली. आणि माझ्या डोळ्यांपुढं आई दिसत होती.

सांगते नीट.

आमचं गाव सिरसाळ्याच्या पलीकडं. दिवाळी झाली की निम्मं गाव रिकामं. नवरा-बायको मिळून एक कोयता, ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. माझे आईबाप लग्नापासून एक कोयता होते. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, उसाच्या वजनावर ती फेडायची, शेवटी हिशेबाला बसायचं. अंगावर काही राहिलं नाही, तर मुकादम म्हणतो, "नील." एवढा एक शब्द. तो ऐकला की माणूस ताठ मानेनं गावात येतो. राहिलं तर वर्षभर मान खाली. आण्णांना पैशाचं एवढंच शास्त्र ठाऊक. जेवढं घेतलं तेवढं फेडायचं, आणि जमलं तर एकदम फेडायचं. एकरकमी फेडणारा म्हणजे इमानदार माणूस.

आईला ऊस नको होता. कमरेतून वाकता येत नव्हतं तिला. ती म्हणायची, "गावात दूध हाय, म्हशी हायेत, खवा करू. ह्या उसाच्या पाचटात मरायचं न्हाई मला." म्हणून आम्ही खव्याचं मशीन घ्यायचं ठरवलं. मशीन आणि एक मोठा डीप फ्रीज. तीन लाख.

आण्णा आधी बँकेत गेलते. तिथल्या माणसानं नाव विचारायच्या आधी धंदा विचारला. ऊसतोड म्हटल्यावर म्हणाला, "सहा महिने गावात नसता तुम्ही. हप्ता कुणाकडं मागायचा, कुत्र्याकडं?" आण्णा मुकाट माघारी आले. मग मशीनवाल्याच्याच दुकानात फायनान्सचं टेबल होतं. तिथं कुणी काही विचारलं नाही. आधार, दोन फोटो, सह्या. व्याज किती विचारलं तर, "बाराच टक्के. तुम्ही हप्ता ध्यानात ठेवा, टक्के घेऊन काय करता?" तीन वर्षं, दर महिन्याला अकरा हजार तीनशे तेहतीस, पहिला हप्ता सहा महिन्यांनी. मी तेव्हा परीक्षेला अंबाजोगाईत होते.

ते एक वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष. आई भट्टीपुढं बसायची. दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर आमच्या दारावरून गेले, तर पदराला हात पुसत बाहेर आली, आणि ट्रॉलीत बसलेल्या बायांना ओरडून म्हणाली, "जावा गं, जावा! मी बसते सावलीत. माझ्या वाटणीचं पाचट तुमीच वढा!" बाया शिव्या देत हसत होत्या. आईला एवढं मोठ्यानं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

हप्ता खव्यातून निघत होता. पण आण्णांना झोप नव्हती. अंगावर दुसऱ्याचा पैसा. पुढच्या दिवाळीला म्हणाले, "एक हंगाम जाऊ. उचलीला हात लावायचा न्हाई. वर चार शेळ्या इकू. एकदमच नील करून टाकू. मग मशीन आपलं." आई कढईतला खवा हलवत राहिली. मग म्हणाली, "एकच हंगाम. त्याच्यानंतर बोलवू नका मला."

दोघं गेली. मी घरी राहिले, मशीन चालवायला.

पट्टा पडायला, म्हणजे कारखाना बंद व्हायला, चार-पाच दिवस राहिले होते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन आई फळीवरून ट्रॉलीवर चढत होती. दव पडलेलं. पाय घसरला. ती खाली, मोळी मानेवर. दवाखाना लांब होता आणि ट्रॅक्टर भरलेला होता. भरलेली ट्रॉली आधी सोडवली, मग तिला नेली. तोवर दवाखान्याची गरज उरली नव्हती.

तिच्या मागं आण्णांनी राहिलेला ऊस एकट्यानं तोडला. उचल फिटली. मुकादम "नील" म्हणाला. आण्णा तो शब्द आणि आईचं लुगडं घेऊन गावात आले.

तर हे ते दोन लाख. तो माणूस ज्यांच्यावर हसत होता.

"वर्षाचे हप्ते गेले, तुमचं एक लाख मुद्दल फिटलं. राहिलं दोन लाख," तो आता शांतपणे समजावत होता, लहान लेकराला समजावतात तसा. "त्याच्यावर पुढच्या दोन वर्षांचं व्याज बहात्तर हजार. वर दंड. तेवढे आणा, लगेच बंद करतो."

"पुढच्या दोन वर्षांचं?" मी म्हणाले. "पैसे आज दिले, तर पुढची दोन वर्षं तुमचे पैसे वापरतंय कोण?"

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. "पोरगी का मामा? शिकतीय व्हय? तायडे, बारा टक्के म्हंजे बारा टक्के. आता कोयत्याच्या पोरीला बी टक्के शिकवायचे का आमी?"

आण्णांनी माझा हात दाबला. गप बस, म्हणून. तो हात मला अजून जाणवतो. उसाच्या पात्यानं चिरलेला, आणि त्याही वेळी समोरच्याला राग येऊ नये म्हणून धडपडणारा. माझ्या बापाची बायको मेली होती आणि तो त्या माणसाचा मान राखत होता.

तिथं माझ्यातलं काहीतरी तुटलं.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्र वापरलं की झिजतं, त्याची किंमत उतरते. उतरत्या किमतीवरच पुढचा घसारा धरायचा. पाठ करून पेपरात लिहिलं मी ते, पैकीच्या पैकी. कर्जाचंही तसंच असतं, हे कुणी शिकवलं नाही. मशीन झिजत होतं. आण्णा झिजत होते. पण ह्यांच्या व्याजाच्या हिशेबातलं कर्ज एका रुपयानं झिजत नव्हतं. तीन लाखांवर महिन्याला तीन हजार व्याज. पहिल्या महिन्यालाही तीन हजार. आणि शेवटच्या महिन्याला, जेव्हा ह्यांच्याच हिशेबानं आमच्या अंगावर आठ हजार तीनशे उरणार, तेव्हाही व्याज तीनच हजार. उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर ते बारा नाही, एकवीस टक्के होतं. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी माझी आई फळीवर चढली.

मी रिकाम्या खुर्चीवर बसले. टॉवेल काउंटरवरून ओढून घेतला आणि गाठ मारली.

"पैसे भरणार नाही आज."

"मग येऊन गर्दी कशाला केली?"

"व्याज कशावर धरलंय, उरलेल्या मुद्दलावर का पहिल्या रकमेवर, ते लेखी द्या. दंड कुठल्या कलमानं, ते लेखी द्या. सही-शिक्क्यानं."

"साहेब न्हाईत."

"बसते मी."

"माय, चल," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "दिऊन टाकू. मी जातो अजून एक हंगाम."

मी मोठ्यानं म्हणाले, "तुमचा जोड कोण आता, आण्णा? अर्ध्या कोयत्याला कोण घेतंय?"

ऑफिसात कुणीच हसलं नाही. आण्णा भिंतीला टेकून खाली बसले, तोंडावर टोपी धरून.

असं बोलायला नको होतं, असं पाव्हणे नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. खरं होतं ते.

कागद दुपारी मिळाला. व्याज पहिल्या रकमेवर, आधी फेडलं तर दंड, सगळं त्यात होतं, आण्णांच्या सहीसकट. वकिलाला दाखवला. तो म्हणाला, सही आहे, भांडता येईल, लवकर काही हाताला लागणार नाही. बँकेत मी स्वतः गेले. तिथला दर कमी, आणि तो उरलेल्या मुद्दलावर. दोन वर्षांपूर्वी आण्णांना एका वाक्यात हे सांगता आलं असतं. त्या बँकवाल्यानं कुत्र्याचं विचारलं.

तक्रार मी केली आहे. चालू आहे. कर्ज एकदम फेडलं नाही. बहात्तर हजार आणि वर दंड, हे आईच्या पैशातून एकरकमी देणार नाही. हप्ता तारखेला जातो, खव्यातून. ते दोन लाख आण्णांच्या आणि माझ्या नावावर बँकेत आहेत. आण्णांना ते पटत नाही. ते अजून म्हणतात, "नील झालो असतो." रात्री उठून बसतात. मी त्यांची समजूत घालत नाही. मला येत नाही ती घालता.

परवा आमच्या वस्तीवर काउंटरवरचा तोच फायनान्सवाला आला होता. शेजारच्या चुलतीला कडबाकुट्टीचं मशीन घ्यायचं आहे. ती पण कोयत्यावर जाते. फोटो काढून झाले होते, पेन तिच्या हातात होतं. मी मध्ये हात घातला आणि पेन काढून घेतलं.

"व्याज कशावर?" मी विचारलं.

त्यानं मला ओळखलं. "तुमचा काय संबंध, तायडे?"

"माझी आई मेलीय त्यात," मी म्हणाले. "ह्या वस्तीतली एकही सही आता माझ्या माघारी होणार नाही. लिहून घ्या तुमच्या ऑफिसात."