आधी कोणता प्रश्न

बावीस वर्षं दारोदार फिरून बाई लोकांना छापील प्रश्न विचारत आल्या, पण आज साहेबांसमोर उत्तरं द्यायची पाळी त्यांच्यावर आली. साहेबांच्या नाकावर कायम राग. एकाच वस्तीत सर्वेक्षणाला गेलेल्या इतरांच्या फॉर्ममध्ये शंभरातले सत्तर लोक सुखी होते, बाईंच्या फॉर्ममध्ये जेमतेम चाळीस.

"घरी बसून भरलेत ना?" साहेब कडाडले. "खोटेपणाचा कळस आहे हा!"

"क्रम तेवढा बदलला," बाई पुटपुटल्या. "दारात पाऊल ठेवताच 'सुखी आहात का' कसं विचारायचं? म्हणून 'मुलं विचारपूस करतात का' हे आधी विचारलं."

कोपऱ्यातल्या गणितवाल्या मॅडमनी मान वर केली. "मग आकडे खरे आहेत. उत्तर माणसाच्या आत तयार नसतं, पहिला प्रश्नच त्याला हलवून सोडतो. अणूंच्या जगात मोजण्याचा क्रम बदलला की निकाल बदलतो. त्या जगासाठीच्या क्वांटम गणितात हा फरक चपखल बसतोय."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा बाई. आमच्याकडे खूश आहात ना?"

बाई बसल्या नाहीत.

"आल्या आल्या विचारलं असतंत, तर हो म्हणाले असते."