पाठवणीचा अँप्लिफायर

माझा मांडवाचा धंदा, त्यामुळं नळदुर्गाकडच्या लग्नांत ते गिटारवाले हटकून भेटतात. मांडीवर आडवी गिटार, तारांवरून सरकणारी पोलादी कांडी आणि शेजारी जुना, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. तो तापेपर्यंत घाई केलेली त्यांना चालत नाही. "दम धरा की वो, त्याला ऊब तर येऊ द्या," म्हणतात आणि त्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून बसून राहतात.

एकदा मी म्हणालो, "तुमच्याकडं हलका नवा डबा हाय की. हे धूड कशाला वागवता?"

"नवा लई साफ बोलतो. पाठवणीला साफ आवाज काय कामाचा? ह्यातनं सूर कसा, रडून घसा बसल्यावानी येतो."

ते खरंच होतं. त्या सुरावर मुलीकडची माणसं हमखास रडत. ते मात्र कोरड्या चेहऱ्यानं तारांकडं बघत वाजवत राहत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच लेकीचं लग्न झालं. मांडव माझाच होता. पाठवणीला ते गिटार घेऊन बसले, तर शेजारी नवा डबा.

"जुना बिघडला का?" मी विचारलं.

"न्हाय. घरीच ठिवलाय," तारा पुसत ते म्हणाले. "आज माझ्यानं वाजलं पायजे की."