रेणापूरला सापडलेलं गाणं

मी आयुष्यभर स्कॉटलंडचं साहित्य शिकवलं, त्यावरच लिहीत राहिलो; पण स्कॉटलंड सोडाच, मला समुद्रसुद्धा कधी पाहायला मिळाला नाही. नोकरीची सुरुवात नांदेडला, निजामाच्या सरकारी शाळेत झाली. शिकवायचं इंग्रजी, समजावून सांगायचं उर्दूत, आणि मुलं घरी जाऊन बोलणार मराठी. अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी आणि तोंडी कुठल्यातरी धुक्यातल्या कोळणीची गोष्ट. लोकांना मी चक्रम वाटायचो. त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

या वेडाचं मूळ एका लाकडी पेटीत होतं. रेल्वेतला एक स्कॉच साहेब बदलून जाताना सामान विकून गेला, त्यातली पुस्तकांची पेटी मी उचलली. तिच्यात तिकडच्या बायाबापड्यांची जुनी गाणी होती. संध्याकाळी मी ती बायकोला मराठीत सांगायचो आणि ती तांदूळ निवडत ऐकायची. एक गाणं तिच्या मनात घर करून बसलं. कोळी समुद्रावर जातो, परत येत नाही, आणि त्याची बायको तीन वर्षं रोज त्याच्या वाटणीची पेज चुलीवर ठेवते.

"समुद्र म्हणजे गंगेला पूर आल्यावर दिसतं तसंच ना?" तिनं विचारलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मी हो म्हटलं. मला तरी कुठं ठाऊक होतं?

दुःख सारखं असलं की गाणंही आपोआप सारखं होतं, मग मुलूख कितीही लांबचा असो, असा माझा सिद्धांत होता. पुरावा मात्र हाती लागत नव्हता. सुटी मिळाली की मी खेडी पालथी घालायचो. आणि एका पहाटे रेणापूरला, सासुरवाडीच्या शेजारच्या घरातून, जात्याच्या घरघरीवर तेच गाणं कानावर आलं. समुद्राऐवजी गंगा, पेजेऐवजी ज्वारीच्या कण्या, बाकी सगळं तेच. दळणाऱ्या बाईला विचारलं, हे गाणं कधीचं?

"लई जुनं हाय," ती म्हणाली.

आमच्याकडे जात्यावरचं कुठलंही गाणं जुनंच असतं. परवा जुळवलेलं असलं तरी 'हे मी केलं' असं बाई म्हणत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी पुढं खोदून विचारलं नाही, कारण हवं ते उत्तर मला मिळालं होतं.

त्या एका गाण्यावर मी अख्खा निबंध उभा केला आणि स्कॉटलंडमधल्या एका प्राध्यापकांना पाठवला. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. दोन वर्षं आमच्याकडे या, शिकवा, हेच काम पुढं न्या. पत्र घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला मराठीत सांगू लागलो. रेणापूरच्या गाण्याचा उल्लेख आला तशी ती हसायला लागली. मग तव्यावरची भाकरी उलटत तिनं ते गाणं शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

"अहो, हे तर मीच जुळवलंय. पंचमीला माहेरी गेले होते तेव्हा बायकांना शिकवलं."

तिला वाटलं, मी खूश होईन.

दुसऱ्याच दिवशी प्राध्यापकांना खरं काय ते कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं आणि त्यात बोलावण्याचा उल्लेख नव्हता. खरेपणा मी तिकडे दाखवला, आणि राग इकडे काढला. "माझं सगळं काम नासवलंस तू," मी तिला म्हटलं. एकदा नव्हे, बरेचदा. पहाटे घरात जात्याची नुसती घरघर ऐकू येऊ लागली, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

पुढं रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा मी तिला रेणापूरला पोचवलं. तिथं ती तापानं आजारी पडली. निरोप उशिरा मिळाला, वाटा बंद होत्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिचे तेराव्यापर्यंतचे दिवस झाले. परत निघायच्या पहाटे जाग आली ती त्याच गाण्यानं. तिची चुलती आणि शेजारीण दळत होत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गाणं कसं जन्मतं हे शोधत मी गावोगाव हिंडलो, आणि गाणं करणारी माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली होती. लाज वाटली, आणि ते गाणं पुरतं ऐकावंसं फार वाटलं. मी दाराशी गेलो. मला पाहताच दोघी गप्प झाल्या.

"म्हणा ना," मी म्हटलं.

चुलतीनं पदर सारखा केला. "न्हाई, जावईबापू. तुमच्या म्होरं म्हनायचं न्हाई, असं बजावून गेलीय ती. तुमचं काम नासतंय म्हनं."

मी ओसरीवर येऊन बसलो. आत त्या दोघी मुकाट्यानं दळत राहिल्या.