पुसलेली तीट

धाकट्या बहिणीची माफी मागायची राहून गेली. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. आता हे लिहिण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही.

मोठ्या दुष्काळाची ती वर्षं. मी नगरला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो, पण तेलरंग मला येत नव्हते. एका निवृत्त सरांनी शिकवायचं कबूल केलं आणि इटलीतल्या एका चर्चच्या भिंतीवरचं छापील चित्र दिलं. मांडीवर बाळ घेतलेली मरियम. सुट्टीत याची नक्कल करून आण, म्हणाले. मूळ चित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरचं. गिलावा सुकला की काम संपलं. "तुझं बरंय. तेलरंग चार-चार दिवस ओला राहतो. पुसायचं आणि पुन्हा करायचं."

मी मिरजगावला घरी आलो. बहीणही माहेरी आलेली होती. तिचं सात महिन्यांचं बाळ जुलाबानं गेलं होतं. दुष्काळी कामावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत. ती तेव्हा खडी वाहत होती.

छापील कागदावर मरियमचा चेहरा पुसट होता. मी बहिणीला पडवीत बसवलं, मांडीवर दुपट्याची गुंडाळी दिली. कागद बघून ती म्हणाली, ही बाई पदर घेऊन बसलीया, हिलाबी सासू हाय जनू. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. बसण्यानं तिचं मन रमेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला तिच्या चेहऱ्यावरचं दुःख हवं होतं. गिलावा असता तर संध्याकाळी तिला सोडावंच लागलं असतं. रंग ओला राहत होता, म्हणून मी तिला आठ दिवस बसवलं. पोरीला जरा पडू दे, असं आई म्हणायची. एकदा तिचे डोळे भरून आले, तर मी तिला ते पुसूही दिले नाहीत.

नवव्या दिवशी मी टँकरवरून पाणी घेऊन आलो, तर चित्रातल्या बाळाच्या गालावर काळा ठिपका. शेजारी बहीण उभी, हातात तिच्या बाळाची काजळाची डबी. तिनं तीट लावली होती.

मी भडकलो. "अगं, चित्राला कुणाची नजर लागतीया?" म्हणत टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसायला लागलो. काजळ ओल्या रंगात पसरलं, गाल राखाडी झाला.

ती हळूच म्हणाली, "दादा, त्या दिशी लावायची ऱ्हायली हुती. कामावर जायची घाई हुती."

माझा हात तिथंच थांबायला हवा होता. गाल स्वच्छ होईपर्यंत मी पुसत राहिलो. ती डबी कमरेला खोचून आत गेली. पुन्हा बसली नाही.

सरांना मरियमचा चेहरा फार आवडला.

पुढे बहिणीला दोन मुली झाल्या. तीट लावल्याशिवाय त्या मला कधी दिसल्या नाहीत. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही.

तिच्या दहाव्यानंतर मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि करंगळीनं बाळाच्या गालावर काजळ लावलं. रंग सुकून काचेसारखा झालाय. काजळ धरत नाही, नुसत्या बोटानं निघून येतं.

तरी रोज सकाळी लावतो.