पेडल दाबलं होतं

अपघातानंतर ट्रक दोरखंड बांधून ओढत मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणला, तेव्हा बंपरवर गोदामाच्या माल उतरवायच्या धक्क्याचा पांढरा ओरखडा तसाच होता. त्या धक्क्याच्या आणि बंपरच्या मध्ये मिस्त्रीचा थोरला भाऊ चिरडून गेला होता.

"तू नको हात लावूस," शेजारचा वेल्डर म्हणाला. "दुसरीकडे पाठवू."

मिस्त्रीने ऐकलं नाही. हा जुना ट्रक दादाच चालवायचा आणि मिस्त्रीच दुरुस्त करायचा. गेले काही महिने मात्र दोघांत अबोला होता. क्लच नीट सुटत नाही म्हणून दादा ट्रक घेऊन आला होता. मिस्त्रीने खाली शिरून पाहिलं आणि म्हणाला, "आठवडाभर इथंच राहू दे. खालचं सगळं झिजलंय." दादाला खेपा बुडवायच्या नव्हत्या. "तू डॉक्टरच व्हायचास," तो म्हणाला. "पेशंट खोकला की तू त्याला खाटेवर आडवा करणार." शब्दाला शब्द वाढला. दादा तणतणत ट्रक घेऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. मिस्त्रीने निरोप पाठवले, त्यांनाही त्याने दाद दिली नाही.

मग ते घडलं. धक्क्यापासून मागे उतार होता आणि हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून दादाने ट्रक गिअरमध्येच उभा करून चाकांमागे दगड लावला होता. इंजिन नीट चालत नव्हतं. तो बॉनेट उघडून पुढे, धक्क्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने ओळखीच्या हमालाला केबिनमध्ये बसवलं. क्लच दाबायचा आणि चावी फिरवायची, एवढंच काम. हमालाने चावी फिरवली आणि ट्रकने पुढे उडी घेतली.

सगळं खापर हमालाच्या डोक्यावर फुटलं. गडबडीत याने क्लच दाबलाच नसणार, असं जो तो म्हणू लागला. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला तिथंच धरून मारलं. त्याला एका कानाने ऐकू येईनासं झालं. गोदामात त्याला कुणी ओझं देईना. वहिनीने तर त्याला दारातूनच हाकललं. तो एकच वाक्य बोलायचा, "पेडल दाबलं होतं." पुढेपुढे तेही त्याने सोडून दिलं.

ट्रकचा मालक मिस्त्रीला म्हणाला, "क्लच प्लेट गेली असेल. बदल आणि मोकळा कर."

मिस्त्रीने प्लेटला हात लावला नाही. तो आधी केबिनमध्ये चढला आणि पेडल दाबून पाहिलं. ते पोकळ लागलं. पायाला काही ओझंच जाणवेना. पाय काढला तर पेडल आपणहून वरही येईना, हाताने ओढावं लागलं. वर खेचणारी स्प्रिंगच जागेवर नव्हती. कुणीतरी वर बसून पेडल दाबायला हवं होतं, म्हणजे खालून बघता आलं असतं. त्याने हमालाला बोलावून घेतलं.

हमाल केबिनच्या पायरीपाशी थबकला. "मला नका सांगू, मिस्त्री."

"बॅटरी काढलीय. चाकांना दगड लावलेत. नुसतं दाबायचंय."

तो चढला. मिस्त्री ट्रकखाली पाठीवर सरकला आणि टॉर्च धरून म्हणाला, "दाब."

पेडलपासून एक लोखंडी दांडी मागे जाते आणि क्लच सोडवणाऱ्या तरफेला जोडलेली असते. जोडणीत बोटाएवढी जाड पिन असते. वर हमालाने पेडल दाबलं, दांडी सरकली, पण तरफ ढिम्म हलली नाही. मिस्त्रीने टॉर्च जवळ नेली. भोक झिजून अंड्याच्या आकाराचं झालं होतं. त्यात पिन नव्हतीच. बारीक, आखूड बोल्ट घातलेला होता आणि तोही तिरका होऊन भोकातून अर्धा बाहेर आलेला. तो पडू नये म्हणून बांधलेली तार तुटली होती. तुटलेली टोकं अजून चकचकीत होती. बाकी तारेवर गंज होता, म्हणजे तार जुनी आणि तुटलेली नुकतीच. ढिलाई झाकायला दांडीवरचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला होता.

"पुन्हा दाब."

"दाबलंय," वरून आवाज आला. "मिस्त्री, दाबलंय हो."

"दिसतंय मला."

तारेचे वेढे उलटे होते. डावखुऱ्या माणसाने पिळले की पडतात तसे. दादा डावखुरा होता. मिस्त्रीने ते वेढे बोटाने चाचपून पाहिले. वर हमाल अजून पेडलवर पाय ठेवूनच बसला होता.

मिस्त्रीने मालकाला आणि गोदामातल्या माणसांना बोलावून तो बोल्ट जागेवरच दाखवला. मग तो वहिनीकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक यांचीच?"

"हो, वहिनी."

"हे घरातच ठेवा, भाऊजी. पोरीला बापाचं नाव तेवढं तरी राहू दे."

"मी सांगून आलोय. त्या माणसाला लोकांनी जिवंतपणी मारलंय."

"तुमचे सख्खे भाऊ होते ते," वहिनी म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मिस्त्रीने ट्रक दुरुस्त केला. दुसऱ्या कुणी पुन्हा तारच बांधली असती. झिजलेलं भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडलं, जाड पिन घातली, तिच्याभोवतीचे झिजलेले बुश बदलले, नवी स्प्रिंग लावली. पेडलला हवी तेवढीच ढिलाई ठेवली आणि हँडब्रेकही करून दिला. पिन बसवताना एकदा हातातला हातोडा टाकून तो गॅरेजच्या मागे गेला आणि तोंड धुऊन परत आला.

नवा ड्रायव्हर ट्रक घेऊन गेला. हमालाला काम मिळू लागलं, पण ज्यांनी हात उगारला होता त्यांतलं कुणी त्याच्याशी त्यावर बोललं नाही.

एका दुपारी वहिनी गोदामावर आली. मिस्त्रीला हे हमालानेच नंतर सांगितलं. ती धक्क्याकडे न बघता त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"हे शेवटी काही बोलले का हो?"

हमालाला खोटं सांगता आलं असतं. पोरीचं नाव घेतलं म्हणाला असता, तरी तिने मानलं असतं.

"'दाब आणि फिरव,' म्हणाले," तो म्हणाला. "पुढे काहीच नाही, वहिनी."

ती गोणीवर टेकली. त्याने पाणी आणून दिलं, ते प्यायली आणि निघून गेली. माफी तिने मागितली नाही. त्यालाही ती नको होती.

मिस्त्री अजून अधूनमधून भावाच्या घरी जातो. पुतणी दार उघडते, काका म्हणून आत बोलावते. वहिनी चहा आणून ठेवते आणि आतल्या खोलीत निघून जाते.